नेतृत्व आणि चार संगहवत्थु

नेत्याजवळ अधिकार हवा. पण त्या अधिकारापाशी सामान्य माणसाला निर्भयपणे जाता आले पाहिजे. हा मेळ कसा साधावा, याचे उत्तर अंगुत्तरनिकायात आहे. आळवीचा उपासक हत्थक ५०० उपासकांसह आला असता, एवढा समुदाय तू कसा सांभाळतोस, असे भगवंतांनी त्यास विचारले. आपण उपदेशिलेल्या चार संगहवत्थूंनी, असे तो उत्तरला. दान, पियवज्ज म्हणजे प्रिय वचन, अत्थचरिया म्हणजे हितकारक आचरण आणि समानत्तता म्हणजे समभावाची वागणूक, ही ती चार होत. आपले कुळ संपन्न आहे, दरिद्री माणसाचे लोक असे ऐकत नाहीत, हेही त्याने सांगितले. अधिकाराचे वास्तव त्याने लपविले नाही. त्याला या चार गुणांची जोड दिली.

नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीस अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. सत्याग्रह लांबणीवर टाकून विश्वस्तांना मुदत देण्याचे तेथे ठरले. सज्ज झालेला समुदाय केवळ हुकमाने थांबत नाही. नेता आपल्या हिताचेच बोलतो, हा विश्वास त्यामागे लागतो. हीच अत्थचरिया, असे आम्हांस वाटते.

अमरावती-अकोल्याकडील विहार समित्यांनी याचा विचार करावा. केवळ दरारा असेल तर तरुण व महिला दुरावतात. केवळ गोडवा असेल तर हिशेब ढिले पडतात. हिशेब काटेकोर मागणारा अध्यक्ष वंदनेनंतर सर्वांबरोबर सतरंजीही उचलू लागला, की समानत्तता वेगळी शिकवावी लागत नाही.