स्लाइडमालिका : रचना, क्रम आणि लपविलेल्या स्लाइड

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर प्रकाशाने चित्र उमटवावयाचे आणि शेजारी उभे राहून त्याचा अर्थ सांगावयाचा, ही रीत संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. महाराष्ट्रात तिचे एक ठळक उदाहरण कल्याण येथे आढळते. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशझोतात धरली जात आणि पडद्यावर ती मोठी होऊन दिसत. चित्रे अशा कौशल्याने बदलली जात की, आकृती हालत असल्याचा भास होई. जोडीला कथन आणि संगीत असे.

अशा काचपट्टीलाच इंग्रजीत स्लाइड म्हणतात. पुढे काचेची जागा फिल्मच्या लहान तुकड्याने घेतली. १९६१ साली कोडॅक कंपनीने ‘कॅरुसेल’ हे यंत्र बाजारात आणले. त्याच्या वर्तुळाकार तबकात ८० स्लाइड ओळीने बसत. १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी ‘पॉवरपॉइंट’ हा कार्यक्रम निघाला आणि त्याच वर्षी तो मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकत घेतला. पट्टी गेली, तबक गेले. स्लाइड हा शब्द मात्र टिकून राहिला. आज पॉवरपॉइंटप्रमाणेच ‘लिबरऑफिस इंप्रेस’ हा विनामूल्य कार्यक्रमही शाळांतून वापरण्यात येतो. दिल्लीस मुख्य कार्यालय असलेल्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववीच्या माहिती तंत्रज्ञान या विषयात अशा सादरीकरणाचा समावेश केलेला आहे.

साधन बदलले तरी मूळ प्रश्न बदललेला नाही. पेटीत पट्ट्या पुष्कळ असतात; त्यांपैकी कोणत्या दाखवावयाच्या, कोणत्या क्रमाने, आणि कोणत्या पेटीतच ठेवावयाच्या, हे दाखविणाऱ्यालाच ठरवावे लागते. प्रस्तुत पुस्तिकेत याच प्रश्नाचा विचार केला आहे.

आखणी : आधी प्रश्न, मग स्लाइड

दिल्लीच्या एखाद्या शाळेतील विद्यार्थ्यांना यमुना नदीवर सादरीकरण करावयाचे आहे, असे समजू. पुष्कळ विद्यार्थी संगणक उघडतात आणि पहिल्या स्लाइडवर ‘यमुना नदी’ असे लिहून रंग निवडू लागतात. ही सुरुवात योग्य नव्हे. प्रथम कागद घ्यावा आणि त्यावर एकच प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ : वजिराबाद ते ओखला या दोन बंधाऱ्यांमधील २२ किलोमीटरांत यमुनेला काय होते?

असा प्रश्न लिहिताच काय दाखवावयाचे हे बरेचसे आपोआप ठरते. यमुनोत्रीपासून प्रयागराजपर्यंत नदीची लांबी सुमारे १,३७६ किलोमीटर आहे. म्हणजे दिल्लीतील हा भाग तिच्या पावणेदोन टक्क्यांहूनही कमी भरतो. वजिराबादच्या खाली लगेच नजफगढ नाला नदीस मिळतो. स्नानयोग्य पाण्यात प्रत्येक लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, असा नियम आहे. दिल्लीतील अनेक ठिकाणी कोरड्या महिन्यांत तो शून्यापर्यंत उतरल्याचे आढळले आहे. प्रश्नाचे उत्तर देण्यास नकाशा, नाल्याचे छायाचित्र, प्राणवायूचा आलेख आणि निष्कर्ष इतके साहित्य अवश्य लागेल. यमुनोत्रीच्या मंदिराचे चित्र सुंदर असले, तरी या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

प्रत्येक स्लाइडसाठी कागदाचा एकेक लहान तुकडा घ्यावा, त्यावर त्या स्लाइडचे म्हणणे एका वाक्यात लिहावे आणि तुकडे टेबलावर मांडून पाहावे. जे म्हणणे एका वाक्यात मावत नाही, ते बहुधा दोन स्लाइडांचे असते.

स्लाइड रचणे

मथळा हे स्लाइडचे सर्वांत महत्त्वाचे अंग होय. ‘प्राणवायूचे प्रमाण’ हा मथळा केवळ विषय सांगतो. ‘वजिराबादच्या खाली पाण्यातील प्राणवायू झपाट्याने घटतो’ हा मथळा निष्कर्ष सांगतो, आणि खालच्या आलेखात काय पाहावयाचे हेही प्रेक्षकास कळते.

अक्षरे शेवटच्या बाकावरून वाचता आली पाहिजेत. त्यासाठी एक स्लाइड पडद्यावर लावावी आणि स्वतः खोलीच्या मागील भिंतीपाशी जाऊन ती वाचून पाहावी. याहून चांगली कसोटी नाही. देवनागरीत वेलांट्या व मात्रा ओळीच्या वर आणि उकार ओळीच्या खाली येतात. म्हणून दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर सोडावे. अक्षरवळण शक्यतो यूनिकोडमधील असावे, म्हणजे दुसऱ्या संगणकावर धारिका उघडताना अक्षरे मोडत नाहीत.

सर्व स्लाइडांचा रंग, मथळ्याची जागा आणि अक्षरांचा आकार एकसारखा ठेवण्यासाठी ‘स्लाइड मास्टर’ नावाची सोय असते. मास्टरमध्ये एकदा केलेला बदल सर्व स्लाइडांत उतरतो. वक्त्याने तोंडी सांगावयाचा मजकूर स्लाइडखालील टिपणांच्या जागेत लिहावा. सादरीकरणाच्या वेळी प्रेक्षकांच्या पडद्यावर तो दिसत नाही. संगणक आणि पडदा यांवर वेगवेगळी दृश्ये ठेवली असल्यास वक्त्याला तो आपल्या संगणकावर वाचता येतो.

क्रम लावणे

पडद्याच्या डाव्या बाजूस सर्व स्लाइडांची लघुचित्रे दिसतात. माउसने लघुचित्र धरून वर किंवा खाली ओढले की स्लाइडचा क्रम बदलतो. मालिका मोठी असल्यास ‘स्लाइड सॉर्टर’ या दृश्यात सर्व लघुचित्रे एकाच वेळी टेबलावरील कागदांच्या तुकड्यांसारखी मांडलेली दिसतात. या दृश्यात केवळ मथळे क्रमाने मोठ्याने वाचावे. त्यांतून सलग अर्थ निघत असेल तर क्रम बरोबर आहे असे समजावे. जेथे अडखळावयास होते तेथे दुवा राहिलेला असतो.

एफ-५ ही कळ दाबल्यास मालिका पहिल्या स्लाइडपासून सुरू होते. शिफ्ट आणि एफ-५ एकत्र दाबल्यास समोर असलेल्या स्लाइडपासून. मध्येच प्रेक्षकांचे लक्ष पडद्यावरून आपल्याकडे वळवावयाचे असेल तेव्हा बी ही कळ दाबावी. पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबल्यास पूर्ववत होतो.

स्लाइड लपविणे

आपल्या विद्यार्थ्यांनी यमुनेवर बारा स्लाइड तयार केल्या. चाळीस मिनिटांच्या तासास त्या पुरेशा आहेत; परंतु शाळेच्या सभेत त्यांना दहाच मिनिटे मिळणार आहेत. बारांपैकी सहा पुसून टाकाव्या, तर तासाच्या वेळी त्या पुन्हा कराव्या लागतील. दोन निराळ्या धारिका ठेवाव्या, तर एकीतील दुरुस्ती दुसरीत करावयाची राहून जाते. अशा वेळी स्लाइड लपविण्याची सोय उपयोगी पडते.

कृती सोपी आहे. लघुचित्रावर माउसची उजवी कळ दाबावी आणि ‘हाइड स्लाइड’ हा पर्याय निवडावा. पॉवरपॉइंटमध्ये त्या स्लाइडच्या क्रमांकावर तिरकी रेघ उमटते. इंप्रेसमध्ये लघुचित्र फिकट होते. स्लाइड धारिकेत जागच्या जागी राहते, पण मालिका चालू असताना ती ओलांडून पुढची स्लाइड येते. पॉवरपॉइंटमध्ये हाच पर्याय पुन्हा निवडला, किंवा इंप्रेसमध्ये ‘शो स्लाइड’ निवडले, की ती पूर्ववत दिसू लागते.

लपविलेली स्लाइड ऐन वेळी दाखविताही येते. प्राणवायूच्या महिनावार नोंदींचे कोष्टक नवव्या स्लाइडवर लपवून ठेवले आहे आणि श्रोत्यांपैकी कोणी त्याविषयी विचारले, असे समजा. पॉवरपॉइंटची मालिका चालू असतानाच ९ हा आकडा आणि मग एंटर दाबल्यास ते कोष्टक पडद्यावर येते. म्हणून लपविलेल्या स्लाइडांचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लपविलेली स्लाइड मोजणीतून वगळली जात नाही. स्लाइडांवर क्रमांक छापले असतील तर प्रेक्षकांना आठानंतर एकदम दहा दिसेल, आणि चाणाक्ष श्रोता नववीत काय होते, असे विचारील.

लपविणे म्हणजे काढून टाकणे नव्हे

धारिका दुसऱ्याच्या हाती देताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. लपविलेली स्लाइड ज्याला धारिका मिळते त्या प्रत्येकाला डावीकडील लघुचित्रांत दिसते आणि तो ती उघडी करू शकतो. टिपणांचेही तसेच. एखाद्या स्लाइडवर विद्यार्थ्यांची नावे, गुण किंवा दूरध्वनी क्रमांक असतील, तर ती लपवून भागणार नाही. धारिकेची वेगळी प्रत करावी आणि तीतून ती स्लाइड पुसून टाकावी. छपाई करताना किंवा पीडीएफ काढताना लपविलेल्या स्लाइड घ्यावयाच्या की नाही याचा पर्याय असतो. तो प्रत्येक वेळी तपासावा.

याहून अधिक विचार करावयास लावणारी दुसरी बाजू आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी वाढते, घाण विरळ होते आणि प्राणवायूची नोंद सुधारते. ‘यमुना बारा महिने सारखीच दूषित असते’ असा निष्कर्ष काढलेल्या विद्यार्थ्यांना ही नोंद अडचणीची वाटेल आणि ती लपविण्याचा मोह होईल. वेळ वाचविण्यासाठी तपशील लपविणे हा व्यवस्थेचा भाग आहे. निष्कर्षास बाधक असलेली नोंद लपविणे ही श्रोत्यांची फसवणूक होय. अशी नोंद समोर आली तर निष्कर्षच दुरुस्त करावयास हवा.

न लपविताही लपलेली ओळ

एखादी गोष्ट पडद्यावर असूनही न दिसण्याची शक्यता असते. याचे अत्यंत दुःखद उदाहरण अवकाशविज्ञानाच्या इतिहासात नोंदलेले आहे.

दिल्लीच्या उत्तरेस कर्नाल हे शहर असून त्या जिल्ह्याची पूर्व सीमा याच यमुनेने आखलेली आहे. आज हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. कल्पना चावला यांचा जन्म आणि शालेय शिक्षण कर्नाल येथे झाले. १६ जानेवारी २००३ रोजी त्या आणि त्यांचे सहा सहकारी कोलंबिया यानातून अवकाशात गेले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फेसाळ आवरणाचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष अधिकाऱ्यांपुढे स्लाइडांच्या रूपाने मांडले.

त्यांतील एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. उष्णतारोधक फरशांना तुकडा कितपत भेदू शकेल याविषयी पूर्वीच्या चाचण्यांवरून काढलेला अंदाज सावधगिरीचा, म्हणजे सुरक्षित बाजूकडे झुकणारा आहे, असे तो सुचवीत होता. मथळ्याखाली मुद्दे, उपमुद्दे आणि त्यांचेही उपमुद्दे होते. अगदी तळाशी, लहान अक्षरांत, खरी बातमी होती : चाचणीतील तुकड्याचे आकारमान ३ घन इंच होते आणि प्रत्यक्षातील तुकड्याचा अंदाज १,९२० घन इंचांचा होता. म्हणजे प्रत्यक्ष तुकडा चाचणीतील तुकड्याच्या ६४० पट मोठा होता. एक सुमारे ५० मिलिलिटर, तर दुसरा ३० लिटरांहून अधिक. ज्या चाचण्यांच्या आधारावर मथळा उभा होता, त्या या प्रसंगास लागूच पडत नव्हत्या.

१ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान वातावरणात विदीर्ण झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. डाव्या पंखाच्या पुढील कडेस पडलेल्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले होते. केवळ एका स्लाइडमुळे हा अपघात घडला असे म्हणणे चुकीचे होईल. त्याची कारणे अनेक होती. तथापि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडची मुद्दाम चर्चा करण्यात आली. ती वाचणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यास आपल्यापुढे प्राणघातक संकट आहे याची जाणीव न होणे सहज शक्य होते, असे मंडळाने दाखवून दिले, आणि सविस्तर तांत्रिक लेखाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या प्रघातावर टीका केली.

त्या स्लाइडवरील कोणतीही ओळ लपविलेली नव्हती. तरीही जे सर्वप्रथम सांगावयास हवे होते, ते मथळ्याच्या आणि उपमुद्द्यांच्या खाली दबून गेले. म्हणून मालिका पूर्ण झाल्यावर प्रत्येक स्लाइड हाती घ्यावी आणि विचारावे : येथील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, आणि ती कोणत्या ओळीत आहे? ती तळाशी असेल तर मथळ्यात आणावी. जो विषय सलग युक्तिवादावाचून समजणार नाही, त्यासाठी दोन पानांचा लेख लिहून श्रोत्यांस द्यावा आणि स्लाइडवर केवळ नकाशा किंवा आलेख ठेवावा.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे

१. आपल्या गावातील नदी, तलाव किंवा विहीर यांविषयी एक प्रश्न लिहून बारा स्लाइडांची मालिका तयार करावी. ती धारिका न बदलता, केवळ स्लाइड लपवून, दहा मिनिटांत सादर करावी.

२. लपविलेल्या प्रत्येक स्लाइडपुढे ती का लपविली याचे कारण वहीत लिहावे. ‘निष्कर्षास सोयीची नाही’ हे कारण आढळल्यास ती स्लाइड उघडी करून निष्कर्ष पुन्हा तपासावा.

३. कोलंबिया यानाच्या स्लाइडवर वर दिलेले दोन आकडे घेऊन, वाचणाऱ्यास संकट तात्काळ कळेल असा नवा मथळा एका वाक्यात लिहावा.