शिवराईची प्रत ठरवताना

शिवाजी महाराजांच्या काळापासून मराठी मुलखात चालत आलेले तांब्याचे नाणे म्हणजे शिवराई. तिच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’ अशी नागरी अक्षरे असून भोवती बहुधा ठिपक्यांची कडा असते. एकोणिसाव्या शतकातही ही नाणी दख्खनच्या बाजारपेठांत चालत असल्यामुळे ती मोठ्या संख्येने उरली आहेत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात ती दिसतात, आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहासारख्या ठिकाणी जुन्या नाण्यांचा अभ्यासही होतो. बाजारातील ग्राहक आणि अभ्यासक या दोघांनाही एकच प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे हातातील नाण्याची प्रत कोणती.

नाण्याची प्रत म्हणजे टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर ते किती झिजले आणि त्याचा पृष्ठभाग किती शाबूत राहिला याचे मोजमाप होय. आज जगभर रूढ असलेली १ ते ७० गुणांची श्रेणी अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तेथील जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. गुणांवरून किंमतही काढता यावी असा तिचा मूळ हेतू होता, जो पुढे मागे पडला. ही श्रेणी एकसारख्या चकत्यांवर पाडलेल्या यंत्रनिर्मित नाण्यांना चांगली लागू पडते, परंतु शिवराईला ती जशीच्या तशी लावल्यास फसगत होते.

याचे कारण शिवराईच्या घडणीत आहे. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवून, वरचा ठसा हाताने धरून त्यावर हातोड्याचा घाव घातला जाई. ठशावरील मजकूर पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे काही अक्षरे चकतीवर उमटतच नसत. घाव तिरपा बसला तर एका अंगाची अक्षरे ठळक आणि दुसऱ्या अंगाची पुसट निघत. अशा नाण्यावर ‘श्री’ दिसत नसेल तर ती वापराने झिजली असे म्हणता येत नाही, कारण कदाचित ती मुळात उमटलेलीच नसेल. भिंगाखाली हा फरक बऱ्याच वेळा ओळखता येतो. झीज आधी उंच भागांवर होते, अक्षरांचे माथे सपाट व गुळगुळीत होतात आणि त्यांच्या कडा गोलावतात. अपुऱ्या घावाच्या जागी मात्र चकतीचा मूळचा खडबडीतपणा शिल्लक असतो आणि शेजारचेच अक्षर टोकदार असू शकते. म्हणून हातघडणीच्या नाण्यांसाठी झीज, घाव आणि पृष्ठभाग यांची नोंद स्वतंत्रपणे करणे अधिक न्याय्य ठरते. प्राचीन नाण्यांच्या बाबतीत काही परदेशी प्रमाणन संस्था घाव आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी वेगळे गुण देतात, ती पद्धत शिवराईलाही मानवेल. केवळ एका आकड्यावर किंमत सांगणाऱ्याकडे मात्र जरा सावधपणेच पाहावे.

पृष्ठभागाचे सर्वांत मोठे नुकसान बहुधा घरातच होते. तांब्यावर कालांतराने चढलेला तपकिरी-काळसर थर धातूचे रक्षण करतो आणि नाण्याच्या वयाची साक्षही देतो. चिंच-मीठ लावून देवघरातल्या तांब्यासारखे ते लखलखीत केले की तो थर जातो आणि प्रत खालावते. पृष्ठभागावरून बनावटपणाही ओळखता येतो: ओतीव बनावट नाण्यांवर बारीक छिद्रे, मऊसर अक्षरे आणि कधी कडेवर साच्याच्या जोडाची रेघ आढळते.

छायाचित्रावरून प्रत ठरवायची असेल तर प्रकाशाची दिशा निर्णायक असते. बाजूने खालच्या कोनातून आलेला प्रकाश उथळ अक्षरेही सावल्यांमुळे उठावदार करतो. वाचनासाठी तो उपयोगी असला तरी झीज झाकण्याचेही तेच साधन असते, म्हणून विक्रीसाठीच्या नाण्याचे छायाचित्र प्रकाश फिरवून दोनदा मागावे. उजेड कोठून येत आहे याचा अंदाज चुकला तर उठाव खोलगट भासतो, यासाठी प्रकाश डावीकडून वरून देण्याची रूढी आहे. दोन्ही बाजू, कड, मिलिमीटरची पट्टी आणि वजन यांशिवाय नोंद अपुरी राहते.

प्रत ठरवताना जे ‘दोष’ मानले जातात तेच कधी इतिहास सांगतात. नाशिकजवळील जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. पृष्ठभागाच्या कसोटीवर ही नाणी खालच्या प्रतीची ठरतील, पण नहपानाच्या पराभवाचा तोच सर्वांत ठोस पुरावा आहे. त्यांच्या छायाचित्रात दोन्ही ठसे वाचता यावेत म्हणून प्रकाशाची दिशा पुनःपुन्हा बदलावी लागते.