सातपुड्याला घातलेला वेढा

संपादकांनी मला पाठवलं होतं नरनाळ्यावर लिहायला. किल्ला बघा, दरवाज्यांचे फोटो घ्या, पावसाळ्यानंतर लोक जातात तेव्हा उपयोगी पडेल असं काहीतरी द्या, एवढीच मागणी होती. किल्ला मी पाहिला, मनापासून पाहिला. पण परत येताना डोक्यात एक आगगाडीचा वेढा फिरत होता, आणि तो अजून थांबलेला नाही.

काटोलच्या माणसाला सातपुडा ओलांडणारी गाडी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आमच्या स्टेशनावरून दिल्ली-चेन्नईच्या गाड्या रात्रंदिवस धडधडत जातात. पांढुर्णा, मुलताई, आमला करत त्या वर चढतात आणि धाराखोहच्या घाटातून इटारसीकडे उतरतात. पश्चिमेला बुऱ्हाणपूरच्या खिंडीतून भुसावळ-खंडवा मार्ग जातो. या दोन मोठ्या वाटांच्या मध्ये, मेळघाटच्या जंगलातून, एक तिसरी वाट होती. अकोला ते खंडवा, मीटरगेज. वऱ्हाडात तिला कोणी मीटरगेज म्हणत नसे, ती ‘छोटी लाईन’.

काटोलहून नरखेडला गेले आणि तिथून हैदराबादच्या काचीगुड्याकडे जाणारी गाडी धरली. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, नवीन अमरावती, बडनेरा. हा १३८ किलोमीटरचा मार्ग २०१२ मध्ये खुला झाला. त्याआधी संत्र्याच्या या पट्ट्यातल्या कितीतरी गावांनी आपल्या शिवारात रूळ पाहिलाच नव्हता. अकोल्याला मी उतरले. गाडी पुढे वाशीम, हिंगोली, पूर्णा अशी दक्षिणेला निघून गेली. ती ज्या मार्गावरून गेली तोही एकेकाळी छोट्या लाईनचाच भाग होता. दक्षिणेचा अर्धा भाग रुंद होऊन जगला. उत्तरेचा अर्धा भाग अकोटच्या पुढे जंगलात गप्प पडला आहे.

आधी किल्ला. अकोटहून पोपटखेड आणि पोपटखेडहून शहानूर. इथे वनखात्याची चौकी आहे, कारण किल्ला अभयारण्यात आहे. पुढे रस्ता चढू लागतो. समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरांहून उंच असलेलं हे पठार आहे आणि त्याच्या कडेकडेने तटबंदी धावते. इतिहास थोडक्यात सांगते. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहाने किल्ल्याची डागडुजी केली. पुढे वऱ्हाडचा सुभेदार आणि इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क याचा अंमल आला. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने इमादशाही बुडवली तेव्हा तिची शेवटची धडपड याच डोंगरावर झाली. शतक संपता संपता किल्ला अकबराच्या फौजेकडे गेला आणि ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाडचं एक ‘सरकार’, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, म्हणून नरनाळ्याचं नाव लागलं. वर नऊगजी तोफ आहे, शक्कर तलाव आहे, राणीमहाल आहे.

मी मात्र महाकाली दरवाज्यापाशी थांबले. १४८७ साली फतहुल्लाने बांधलेला हा दरवाजा वऱ्हाडातल्या सगळ्या दगडी कामात मला सर्वांत देखणा वाटतो. कमानीच्या दोन्ही अंगांना कोरलेली कमळं, बाहेर काढलेले सज्जे, वरच्या पट्टीत दगडातून उठावात काढलेली अक्षरं. लेख म्हणून ती वाचता आली नाहीत तरी रेषा म्हणून वाचता येतात. पण सौंदर्य हा त्या दरवाज्याचा निम्मा भाग झाला. खालून शहानूर दरवाजा, मग मेहंदी दरवाजा, मग हा. सरळ चालत आलेल्या माणसाला दरवाजा समोर दिसतच नाही. वाट वळते, भिंतीच्या कुशीत शिरते, पुन्हा वळते. हत्ती धावत येऊन फळीवर आदळू नये, फौजेचा वेग मोडावा, वरच्या माणसाला खालच्यावर नेम धरायला वेळ मिळावा, यासाठी वाटेला वळण दिलं आहे.

त्या वळणात उभी असताना मला रेल्वेचं वळण आठवलं.

डिसेंबर २०१६. अकोला-खंडवा छोटी लाईन बंद होणार असल्याची बातमी होती म्हणून आम्ही चौघीजणी मुद्दाम त्या गाडीत बसलो होतो. अकोट, अडगाव, हिवरखेड अशी कापसाची, केळीची गावं मागे पडली. वान रोड आलं आणि जंगल सुरू झालं. गाडी सायकलच्या वेगाने चढत होती. धुळघाटजवळ शेजारच्या बाकावरच्या एका आजीने नातवाला खिडकीशी उभं केलं आणि म्हणाली, ‘‘पाहा आता, चारचा आकडा येते.’’ गाडी डावीकडे झुकली, झुकतच राहिली, ऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेलं, आणि मग एका पुलावरून जाताना खाली रूळ दिसले. दुसऱ्या कुठल्या मार्गाचे नव्हे, काही मिनिटांपूर्वी आम्ही ज्यावरून आलो तेच. गाडी स्वतःच्याच वाटेवरून पलीकडे जात होती. पोरगा हसत सुटला. मीही.

असं वळण रेल्वे उगाच घेत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी धरतं. बैलगाडी जो चढ सहज चढते तो आगगाडीला जमत नाही. कसारा-इगतपुरीच्या थळ घाटात ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर चढ आहे, आणि तेवढ्यासाठी आजही गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात. शंभराला एक असा सौम्य चढ ठेवायचा तर दहा मीटर उंची मिळवायला एक किलोमीटर चालावं लागतं. दरीत जागा सरळ मिळत नसेल तर ती लांबी गोल फिरून मिळवायची. समजा, २०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतलं. त्याचा घेर साधारण साडेबाराशे मीटर. शंभराला एक चढाने एक फेरी मारली की गाडी साडेबारा मीटर वर येते. आता ती आपल्याच वाटेवरून पूल टाकून जाऊ शकते आणि खालून दुसरी गाडी आरामात निघते. स्वित्झर्लंडमधल्या ब्रुसिओला १९०८ मध्ये नऊ कमानींचा असाच एक वेढा बांधला, तो बघायला जगभरातून लोक जातात. दार्जिलिंगचा बतासिया वेढा तर आपल्या सिनेमांनी घरोघर पोचवला. विदर्भाच्या कुशीतला वेढा मात्र अकोटच्या पुढे कुणाला ठाऊक नाही.

ही लाईन इंग्रजांनी बांधली असं अनेकजण समजतात. तसं नाही. उत्तरेकडून राजपुताना-माळव्याची मीटरगेज खंडव्याला येऊन थांबली होती, दक्षिणेकडून निजामाची हिंगोलीला. मधलं अंतर स्वातंत्र्यानंतर, साठ सालच्या सुमारास, जोडलं गेलं. मग जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस रतलाम, खंडवा, अकोला, पूर्णा करत काचीगुड्याला जाऊ लागली. राजस्थानातला माणूस गाडी न बदलता हैदराबादेत उतरू लागला आणि मध्ये कुठेतरी झोपेत त्याने धुळघाटचा वेढा घेतला.

किल्ल्याहून उतरल्यावर अकोटला मी एका निवृत्त कीमनकाकांना भेटले. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी घाटातल्या टप्प्यावर रूळ तपासत काढली. रोज सकाळी खांद्यावर हातोडा, पाना, लाल आणि हिरवी झेंडी आणि पिशवीत फटाके. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. रुळावर बांधायचे, चाकाखाली फुटले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. सहा-सात किलोमीटर एका रुळाने जायचं, दुसऱ्या रुळाने यायचं. स्लीपरवर रूळ घट्ट धरून ठेवणारी जी लोखंडी पाचर असते तिला चावी म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्याने चाव्या ढिल्या होतात. त्या ठोकायच्या, गळून पडल्या असतील तर नव्या घालायच्या.

‘‘तुमी काटोलच्या? मंग तुमची लाईन त मोठी,’’ ते म्हणाले. ‘‘आमची बारकी. पण हिचे नखरे मोठ्या लाईनले नसतीन.’’

नखरे म्हणजे काय, ते त्यांनी अंगणातल्या मातीत काडीने आकृती काढून समजावलं. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, म्हणजे वेगातली गाडी बाहेर फेकली जात नाही. पण घाटात लोड भरलेली मालगाडी हळू चढते. तिचा भार आतल्या, खालच्या रुळावर पडतो आणि तो चेपतो. बाहेरच्या रुळाला चाकाची कड घासते आणि तो आतल्या अंगाने झिजतो. एकाच वळणावरचे दोन रूळ दोन वेगळ्या दुखण्यांनी आजारी पडतात. शिवाय उतार.

‘‘रूळ झोपत नाई ताई. उतारावर त मुळीच नाई. रोज थोडा थोडा खाली सरकते. तुमाले दिसनार नाई, पण सांधा पायला का समजते. वरचा सांधा उघडा पडते, खालचा दाबून बसते.’’

रूळ सरकतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. टनावारी लोखंड डोंगरावरून आपसूक खाली निघालंय आणि एक माणूस रोज सकाळी हातोड्याने त्याला जागेवर बसवतो आहे, हे मात्र पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आलं. त्यांनी तळहात पुढे केला. हातोडा सुटून वर्षं झाली तरी अंगठ्याच्या मुळाशी घट्टा तसाच आहे.

मग ते गोळ्याबद्दल बोलले. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांच्या मध्ये जायचा परवाना म्हणजे एक लोखंडी गोळा. एका स्टेशनच्या यंत्रातून तो बाहेर निघाला की पुढच्या स्टेशनच्या यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा निघतच नाही. कातडी पिशवीत घालून, वेताच्या कड्याला बांधून तो धावत्या इंजिनात द्यायचा. रात्री, पावसात, कंदिलाच्या उजेडात. ‘‘गोळा हातात नाई त ड्रायव्हर हालत नसे. कलेक्टर येवो का कोनी येवो.’’

वेढ्याबद्दल विचारलं तेव्हा ते जरा थांबले. ‘‘गाडी खालून गेली का मी थांबो. मंग थेच गाडी वरतून दिसे. इतके वर्स पायलं, पन दरवेळेस वाटे, हे आत्ताच गेली ना, मंग अजून अथीच कशी?’’

२०१७ सुरू होता होता गाडी बंद झाली. गेज रुंद करायचं होतं. अकोला ते अकोट ब्रॉडगेज झालं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. खंडव्याकडूनही काम पुढे सरकलं. अडला तो मधला तुकडा, आणि त्यातले अडतीस-एकोणचाळीस किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातात. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या नऊंपैकी हा एक.

गेज रुंद करणं म्हणजे नुसते रूळ लांब सरकवणं नव्हे. मीटरगेजमध्ये दोन रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर, ब्रॉडगेजमध्ये १६७६. आपल्या रेल्वेच्या नियमांत मीटरगेजचं वळण सोळा अंशांपर्यंत, म्हणजे १०९ मीटर त्रिज्येपर्यंत चालतं. ब्रॉडगेजला ते दहा अंश, १७५ मीटर. तीही शेवटची मर्यादा. चांगल्या वेगाने गाडी न्यायची तर वळण याहून खूपच सैल हवं. वरून विजेच्या तारा न्यायच्या तर पुलाखाली उंचीही जास्त हवी. धुळघाटचा वेढा होता तसा ठेवून त्यावरून आजची लांब मालगाडी नेता येणार नाही. म्हणजे जंगलात नवं कापकाम, नवे भराव, आणि मग दिवसरात्र वेगवान गाड्या. छोटी लाईन सायकलच्या वेगाने जात असे. तिच्यासमोरून वाघाला बाजूला व्हायला वेळ मिळत होता.

२०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केंद्रीय रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून नेण्याची मागणी केली. हिवरखेड, सोनाळा, जामोद अशा बाजूने फिरून जाणारा हा मार्ग सुमारे तीस किलोमीटरने लांब पडतो. पण बुलढाण्याच्या ज्या गावांनी कधी गाडी पाहिली नाही त्यांना तो गाडी देतो. माझं मत स्पष्ट आहे. रेल्वे बाहेरूनच जावी. याच जंगलातून गेल्या पंचवीस वर्षांत कोरकू आदिवासींची गावं उठवली गेली. धारगड, सोमठाणा, गुल्लरघाट इथल्या लोकांना वाघासाठी जागा सोडा असं आपण सांगितलं. ती माणसं अकोट तालुक्यात नव्या जागी अजून मुळं धरताहेत. त्यांच्या सोडलेल्या शिवाराजवळून शंभरच्या वेगाने मालगाडी नेणं मला अन्यायाचं वाटतं, वाघावरही आणि त्यांच्यावरही.

पण या मताची किंमत कोण मोजतं, हेही दिसतं. छोट्या लाईनवर डाबका, तुकईथडसारखी स्टेशनं होती. डोंगरातला माणूस त्या गाडीने अकोटच्या बाजाराला, अकोल्याच्या दवाखान्याला येत असे. मोहाची फुलं, डिंक, सरपण, कोंबड्या, सगळं त्याच डब्यात. गाडी गेली आणि त्या जागी तेवढ्या स्वस्तात काहीच आलं नाही. नवा मार्ग सोनाळ्याकडून गेला तरी त्यांच्या दाराशी येणार नाही. रेल्वे जंगलाबाहेर काढायची तर जंगलातल्या लोकांसाठी एसटीच्या भरवशाच्या फेऱ्या आणि बारमाही रस्ते ही त्याच निर्णयाची दुसरी बाजू धरली पाहिजे. चर्चेत ती मला कुठे सापडली नाही.

आणि वेढ्याचं काय? नरनाळा संरक्षित स्मारक आहे. तिथला दगड हलवला तर गुन्हा होतो. धुळघाटच्या वेढ्याला असलं कुठलंच कवच नाही. मार्ग बाहेरून गेला की तो कायमचा बिनकामाचा ठरेल, आणि बिनकामाच्या लोखंडाची आपल्याकडे एकच वाट असते. याच जुन्या मार्गाच्या खंडव्यापलीकडच्या भागात, इंदूरजवळ पातालपाणी ते कालाकुंड, २०१८ मध्ये मीटरगेजवर वारसा गाडी सुरू झाली. मेळघाटात तशी गाडी नको, पर्यटकांची जत्रा तर मुळीच नको. पण तो पूल आणि ते वळण मोजून, नकाशे काढून, फोटो घेऊन ठेवणं, आणि कागदावर तरी त्याला स्मारक म्हणणं, यासाठी झाड तोडावं लागत नाही. तिथे चाव्या ठोकलेली माणसं अजून अकोटात, अकोल्यात, खंडव्यात आहेत. त्यांना विचारायची वेळ हीच आहे.

निघताना काकांनी विचारलं, परत जाताना धारणीकडून जाणार का? मी म्हटलं, नाही, बडनेऱ्यावरून. ‘‘गेल्या असत्या त गाव लागलं असतं रस्त्यात,’’ ते म्हणाले. सरकारी दप्तरात त्या गावाचं नाव अजून पूर्वीचंच आहे: धुळघाट रेल्वे.