अर्धायुष्य बदलणारी माती

आयोडीन-१३१ या किरणोत्सर्गी पदार्थाचे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे, हे तुम्ही पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकला असाल. आज तो १६ मिलिग्रॅम असेल, तर ८ दिवसांनी ८ उरेल आणि आणखी ८ दिवसांनी ४. तो तापवा, गोठवा, आम्लात बुडवा. वेग बदलत नाही.

शेतीच्या पुस्तकांत तणनाशकांचेही अर्धायुष्य दिलेले असते. शब्द तोच, पण मातीतले हे अर्धायुष्य बदलते! पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे प्रथम जरा खटकलेच.

लंडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ एल. जे. ऑडस यांनी १९४९ च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. रुंद पानांची तणे मारणाऱ्या २,४-डी या तणनाशकाचे द्रावण त्यांनी मातीतून पुन्हापुन्हा झिरपवले. सुरुवातीला थोडे तणनाशक मातीच्या कणांना चिकटले. मग बरेच दिवस काहीच घडेना. त्यानंतर मात्र उरलेले तणनाशक भराभर नाहीसे झाले. आता गंमत पहा. त्याच मातीला दुसरा हप्ता दिला, तर तो न थांबता लगेच संपू लागला. जणू मातीला पहिला हप्ता आठवत होता.

ही आठवण कोणाची? जिवाणूंची. २,४-डी पचवू शकणारे जिवाणू मातीत आरंभी अगदी थोडे असतात. समजा, ते १,००० आहेत. दहा वेळा दुप्पट झाले की ते दहा लाखांवर जातात. म्हणजे त्या 'रिकाम्या' दिवसांत ते स्वस्थ बसलेले नसतात, संख्या वाढवत असतात. त्यांची एन्झाइमे आधी रेणूची बाजूची साखळी तोडतात, मग कार्बनचे कडे उघडतात. शेवटी उरतात कार्बन डाय-ऑक्साइड, पाणी आणि क्लोराइड. या एन्झाइमांची जनुके पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात आणि ते कडे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते.

अ‍ॅट्राझीनची कथा याहून नवलाची. आपल्याकडे ऊस-मक्यात वापरले जाणारे हे तणनाशक १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीत, त्यातला नायट्रोजन खाऊन वाढणारा स्यूडोमोनास जिवाणू सापडला. १९९५ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. अ‍ॅट्राझीनवरचा क्लोरीन काढून टाकणारे त्याचे एन्झाइम ४७५ अमिनो आम्लांचे आहे. मेलामीन फोडणाऱ्या दुसऱ्या एका एन्झाइमाहून ते अवघ्या ९ ठिकाणी वेगळे! एवढ्याशा फरकाने रेणूचे काम बदलले.

शेतकऱ्याला मात्र हे कौतुक महागात पडू शकते. एकाच शेतात वर्षानुवर्षे तेच तणनाशक फवारले, तर ते लवकर संपते आणि तण पुन्हा डोके वर काढते. मग मात्रा वाढवावी, तर जिवाणूंना खाद्यच अधिक मिळते! म्हणून तणनाशक बदलून वापरावे, मधूनमधून कोळपणी-खुरपणी करावी, हे बरे.

आणि जे जिवाणूंच्या हाती न लागता पाण्याबरोबर खोल उतरते, त्याचे काय? वरच्या थरात जिवाणूंची गजबज असते. खाली ते विरळ होत जातात. तिथे तेच अ‍ॅट्राझीन कितीतरी अधिक काळ टिकते. भूजलात ते सापडत राहिल्यामुळे युरोपीय संघाने २००४ साली त्याची मान्यता नाकारली.