एका बँडचे अकरा चॅनेल

सकाळी ७.३०
मागच्या खोलीतली सतरंजी झटकते, गाद्या कोपऱ्यांत उभ्या करते. आज कोथरूडच्या या खोलीत एक बँड येणार आहे. फिरोदिया करंडकाच्या तालमींत जमलेली ही पोरं स्पर्धा संपली तरी पांगली नाहीत, याचं मला फार अप्रूप आहे. आता वर्गणी काढून स्वतःचा ऑडिओ इंटरफेस घ्यायचं त्यांच्या मनात आहे आणि "ताई, कुठला घेऊ?" हा एकच धोशा चालू आहे. मी म्हटलं, दुकानात जाण्याआधी एक दिवस माझ्याकडे सगळे मिळून वाजवा, मग बोलू.

८.१५
चहा घेत कागदावर माइक मांडते. किक ड्रमला एक, स्नेअरला एक, वरून दोन. ड्रमचेच चार झाले. गिटारच्या अँपसमोर एक. गायिकेचा एक. बासची वायर थेट, तिची एक जागा. कीबोर्ड स्टिरिओ, त्याच्या दोन. झाले नऊ. शिवाय दोन गाण्यांना ढोलकी आहे आणि ढोलकीच्या दोन्ही तोंडांना वेगळा माइक हवाच, नाहीतर एक बाजू कायम दबून राहते. एकूण अकरा.

बहुतेकांची फसगत होते ती इथेच. फोकसराइटचा स्कार्लेट १८आय२० घ्या किंवा बेहरिंगरचा यूएमसी१८२०. नावातच अठरा असल्यामुळे अठरा माइक लागतील असं वाटतं. प्रत्यक्षात माइक लावायच्या जागा आठच. बाकीच्या दहांपैकी आठ एडॅटच्या ऑप्टिकल वाटेने येतात आणि दोन एसपीडिफमधून. त्या आठ वापरायच्या तर आठ चॅनेलचा आणखी एक प्रीअँप विकत घ्यावा लागतो.

१०.००
ड्रम जिन्यावरून वर आले. मांडायला तासभर जाणार.

१०.४५
बासवाला तपकीर गल्लीतून ऑप्टिकल केबल घेऊन आला. टोकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढायला सांगितल्या, प्रीअँपमध्ये एक टोक खोचलं आणि दुसरं त्याच्या तळहातासमोर धरलं. तळव्यावर लाल ठिपका उमटला. या एवढ्याशा उजेडातून आठ चॅनेल जातात, हे मला आजही विलक्षण वाटतं. अलेसिसने ही वाट नव्वदच्या दशकात आपल्या टेप रेकॉर्डरसाठी काढली. ते टेप गेले, वाट राहिली. मात्र ४८ किलोहर्ट्झपर्यंतच आठ. ९६ वर गेलात की चारच उरतात. नुसत्या सॅम्पल रेटच्या आकड्यावर भाळून यंत्र घेणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

केबल लावून भागत नाही. दोन यंत्रांपैकी घड्याळ कुणाचं चालणार, हे ठरवावं लागतं. आम्ही प्रीअँपला मालक केलं आणि इंटरफेसला त्याचं घड्याळ मानायला लावलं. हे जुळलं नाही तर रेकॉर्डिंगभर बारीक टकटक ऐकू येते.

११.३०
यावरूनच कीबोर्डवाल्याने विचारलं, "ताई, आमच्या दोघांकडे दोन-दोन चॅनेलचे इंटरफेस आहेतच. तेच यूएसबीला जोडले तर?"

प्रश्न रास्त आहे, पैशाचा आहे. विंडोजवर एएसआयओ साधारणपणे एका वेळी एकाच यंत्राशी बोलतो. मॅकवर दोन यंत्रं एकत्र दाखवायची सोय आहे, आणि तिच्यातली ड्रिफ्टची खूण केली की संगणक एकाचा आवाज दुसऱ्याला जुळवत राहतो. पण मुळात प्रत्येकाचा स्फटिक वेगळा. दोघांत दहा लाखांत दहाचा फरक असला तरी पाच मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी ३ मिलिसेकंदांची फट पडते. ऐकायला काहीच नाही. पण स्नेअरचा माइक एका यंत्रात आणि वरचे दोन दुसऱ्यात असतील तर तोच फटका दोनदा पोहोचतो आणि स्नेअर पोकळ, पातळ वाजू लागतो. एकेकट्याने घरी बसून भर घालायला ती यंत्रं उत्तम आहेत, विकू नका. ड्रम मात्र एकाच घड्याळावर हवा.

१२.१५
पहिला टेक. वरच्या दोन कंडेन्सर माइकना ४८ व्होल्ट लागतात. माझ्या इंटरफेसवर चार-चार चॅनेलना मिळून एकच बटण आहे, म्हणून कुठला माइक कुठल्या चौकडीत जातोय हे आधी बघते. सगळ्यात जोराचा फटका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन. २४ बिटमध्ये याहून जोर लावायची गरज नाही.

गिटारमधून घूं येत होती. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर काढला, आवाज गेला. आवाज घालवण्यासाठी अर्थिंगची पिन कापणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका. अँपमध्ये बिघाड झाला तर गिटारच्या तारांमध्ये वीज उतरते आणि त्या तारा तुमच्या बोटांखाली असतात.

१.३०
जेवण. चारपर्यंत ड्रम बंद. शेजारी आजी-आजोबा आहेत.

२.३०
या वेळात गायिकेचा आवाज घेतला. संगणकातून फिरून आलेला स्वतःचा आवाज तिला आधी १०२४च्या बफरवर ऐकवला. दुसऱ्या ओळीला ती थांबली, म्हणाली, "कुणीतरी माझ्या मागून गातंय." ४८ किलोहर्ट्झवर १०२४ नमुने म्हणजे जाताना २१ मिलिसेकंद आणि येताना तेवढेच, साडेचौदा मीटर लांब उभं राहून स्वतःला ऐकण्यासारखं. बफर १२८ वर आणला, फरक पाच-सहा मिलिसेकंदांवर आला आणि ती निवांत गाऊ लागली. इतक्या खाली आला की जुना लॅपटॉप मात्र धापा टाकतो. म्हणून संगणकाला वळसा घालून यंत्रातूनच थेट ऐकवणारा इंटरफेस मी नेहमी आधी सुचवते.

४.३०
ढोलकीचं गाणं. अकरा चॅनेल भरले आणि खरा प्रश्न समोर आला तो हेडफोनचा. ड्रमरला क्लिक मोठी हवी, गायिकेला ती नकोच, ढोलकीवाल्याला फक्त बास आणि आवाज. माझ्या इंटरफेसला हेडफोनच्या जागा दोन. तीन वेळा मिक्स बदलून पाहिला. कुणी ना कुणी नाराज राहिलं आणि ते ठेक्यात ऐकू आलं. आत किती माइक जातात हे सगळे विचारतात, बाहेर किती वेगळे मिक्स निघतात हे कुणी विचारत नाही. बँडने ते आधी विचारावं.

६.१५
कॉपी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक चॅनेल मिनिटाला ८.६४ एमबी, अकरांचे ९५. पाच मिनिटांचा टेक पाचशे एमबीच्या आतच. यूएसबी २.० लाही हा भार किरकोळ आहे, जास्त पैसे मोजून यूएसबी ३ शोधू नका.

७.००
सतरंजीवर बैठक. आठ चॅनेल अधिक ऑप्टिकल प्रीअँप हा पर्याय चांगला, पण दोन यंत्रं आणि घड्याळाची काळजी. टॅस्कॅमचा यूएस-१६x०८ या बँडला नेमका बसतो: माइकच्या आठ जागांत ड्रम, गिटार, गायिका, ढोलकी, बास आणि कीबोर्ड उरलेल्या लाइनच्या आठांत. पण माइकची एकही जागा शिल्लक राहत नाही आणि उद्या कुणी बासरी घेऊन आलं तर पंचाईत.

बेहरिंगरचा एक्सआर१८ हा मुळात स्टेजचा डिजिटल मिक्सर. माइकच्या सोळा जागा, यूएसबीवरून अठराही चॅनेल वेगवेगळे संगणकात, आणि हेडफोनच्या मिक्ससाठी सहा ऑक्स. ४८ किलोहर्ट्झच्या वर तो जात नाही. या पोरांच्या गाण्यांना त्याने काही बिघडत नाही. गणपतीतल्या कार्यक्रमांना हाच खोका स्टेजवर चालेल.

माझा कौल एक्सआर१८ ला. सोबत चार जणांचा हेडफोन अँप घ्या, आणि उरलेली वर्गणी माइकचे भक्कम स्टँड आणि चांगल्या केबलींवर घाला.