आकडा लागतो शुक्रवारी

३ फेब्रुवारी २०२३, शुक्रवार, संध्याकाळचे सहा पंचावन्न. ऑफिसातली सगळी गँग वीकेंडच्या मूडमध्ये खाली चहाला गेलेली आणि मी एकटी डेस्कवर, मोबाइलमधल्या सोन्याच्या भावाकडे टक लावून. दुपारीच एमसीएक्सवर गोल्ड मिनीचा एक लॉट घेतला होता. एक लॉट म्हणजे १०० ग्रॅम, तेव्हाच्या भावाने जवळपास पावणेसहा लाखांचं सोनं! मी भरलं होतं ते अर्थात फक्त मार्जिन. एवढं सोनं आमच्या घरात कुणाच्या लग्नात निघालेलं नाही.

माझं लॉजिक एकदम सिंपल होतं. त्या जानेवारीत गूगलने १२ हजार, मायक्रोसॉफ्टने १० हजार लोक कमी करायचं जाहीर केलं होतं. आम्हा आयटीवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. तेव्हा अमेरिकेचा नोकऱ्यांचा आकडा वाईटच येणार. मग फेडरल रिझर्व्ह व्याजदर वाढवणं आवरतं घेणार, डॉलर खाली जाणार, सोनं वर. झालं की!

सात वाजले. जानेवारीत अमेरिकेत ५ लाख १७ हजार नोकऱ्या वाढल्या होत्या. अंदाज दोन लाखांच्याही आतला होता. बेकारी ३.४ टक्के, १९६९ नंतरची सगळ्यात कमी. स्क्रीनवरचा भाव घसरला नाही, त्याने चक्क खाली उडी मारली. २०० रुपये खाली स्टॉपलॉस लावून मी स्वतःला फार हुशार समजत होते. तो लागला ४३० रुपये खाली, कारण मधल्या भावांना घेणारं कुणी उरलंच नव्हतं. मोठे खेळाडू आकड्याच्या आधीच आपापल्या ऑर्डर काढून घेतात, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? गोल्ड मिनीत भाव एक रुपया हलला की लॉटमागे दहा रुपये हलतात. म्हणजे ४,३०० रुपये गेले, गँग चहा पिऊन वर यायच्या आत.

घरी सांगितलं, तर बाबा हसायलाच लागले. "म्हणजे मटकाच की गं! वेळ ठरलेली, आकडा लागायचा, आणि सगळे डोळे लावून बसलेले."

राग आला, पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. बाबांचं थोडं चुकलंच होतं. मटक्यात आकडा कोणता लागला एवढंच बघतात. इथे नुसत्या आकड्याला काडीची किंमत नाही, तो अंदाजापेक्षा किती वेगळा आला ते बघतात. अशा प्रत्येक रिपोर्टच्या आधी वृत्तसंस्था अर्थतज्ज्ञांचे अंदाज गोळा करतात आणि बाजार त्याप्रमाणे आधीच खरेदी-विक्री करून बसलेला असतो. नोकरकपातीच्या ज्या बातम्या मला 'आतली खबर' वाटत होत्या, त्या अख्ख्या जगाने वाचल्या होत्या.

महागाईचंच बघा. १३ सप्टेंबर २०२२ ला अमेरिकेची ऑगस्टची महागाई ८.३ टक्के आली. जुलैच्या ८.५ पेक्षा कमी! पण अंदाज ८.१ चा होता, तर एस अँड पी ५०० एका दिवसात ४.३ टक्के आपटला. १० नोव्हेंबरला ऑक्टोबरचा आकडा आला ७.७. हीसुद्धा काही पेढे वाटण्यासारखी महागाई नव्हे. पण सगळे आठच्या आसपास धरून बसले होते, म्हणून बाजार साडेपाच टक्के उसळला.

आकडा निदान एका क्षणात येऊन मोकळा होतो. साक्ष तासन्‌तास चालते. फेडचा अध्यक्ष वर्षातून दोनदा अमेरिकन काँग्रेससमोर बसतो, एक दिवस सिनेटच्या समितीपुढे, एक दिवस प्रतिनिधिगृहाच्या. आधी लेखी निवेदन, मग प्रश्नोत्तरं. ७ मार्च २०२३ ला जेरोम पॉवेल यांनी सांगितलं, की व्याजदर आधी वाटलं होतं त्यापेक्षा वर न्यावे लागतील. एस अँड पी दीड टक्का खाली गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सभागृहात निवेदन जवळजवळ तेच, फक्त 'अजून काही ठरलेलं नाही' अशी पुस्ती त्यांनी जोडली. १० मार्चला सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली आणि २२ मार्चला दर वाढले फक्त पाव टक्का. अर्ध्या टक्क्यावर पैसे लावणारे बसले हात चोळत.

वॉशिंग्टनच्या गप्पांचं आपल्याला काय, असं वाटत असेल तर माझ्या मावसबहिणीला विचारा. २२ मे २०१३ ला तेव्हाचे फेड अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी काँग्रेसच्या समितीत एका प्रश्नाला उत्तर देताना म्हटलं, की रोख्यांची खरेदी पुढच्या काही बैठकांत कमी होऊ शकते. लेखी निवेदनात ते नव्हतं! तेव्हा डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता, २८ ऑगस्टला तो ६८ च्या वर गेला. दोष सगळा बर्नान्केंचा नव्हे, आपली चालू खात्यावरची तूटही तेव्हा दांडगी होती. पण ताई त्याच ऑगस्टमध्ये एमएसला निघालेली. २० हजार डॉलरची फी ११ लाखांवरून साडेतेरा लाखांवर गेली आणि मावशीची एक एफडी मोडली.

ठरलेल्या वेळेचं एक बरं असतं, निदान सीटबेल्ट लावून बसता येतं. ४ मे २०२२ ला आपल्या रिझर्व्ह बँकेने कुठल्याही वेळापत्रकात नसताना भर दुपारी रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. सेन्सेक्स त्या दिवशी तेराशेच्या वर अंकांनी कोसळला. कॅलेंडर बघून तरी काय दिसणार होतं?

मी अजूनही ट्रेड करते, पण आकड्याच्या शुक्रवारी माझं खातं रिकामं असतं. अमेरिकेत थंडी असेल तर सातला, उन्हाळ्यात त्यांची घड्याळं पुढे गेली की सहाला. आकडा येतो तेव्हा मी खाली, चहाच्या टपरीवर गँगबरोबर असते. भाव बघते तो पंधरावीस मिनिटांनी, धुरळा बसल्यावर.

आणि हो, ते ५ लाख १७ हजार! अमेरिकेच्या त्याच खात्याने पुढच्या दोन महिन्यांत आकडा दुरुस्त करत ४ लाख ७२ हजारांवर आणला. माझे ४,३०० मात्र कुणी दुरुस्त केले नाहीत.