ई-सिगारेटची वात: कापूस, काचतंतू की सिरॅमिक? झुरक्यासोबत छातीत काय जातं?

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. तिथल्या दुकानांत आता कार्ट्रिज बदलता येणारी किंवा पुन्हा भरता येणारी उपकरणंच मिळतात. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांपर्यंतही हा बदल पोचणारच. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर पूर्ण बंदी आहे, तरी चोरून आलेला माल अधूनमधून पकडला जातोच.

चर्चा होते ती निकोटिनची, नाहीतर फ्लेवरची. या उपकरणाच्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक वात असते, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. छातीत नुसती वाफ जाणार की करपलेला धूर, हे बऱ्याच अंशी तीच ठरवते.

काम समईच्या वातीचंच

समईत तेल असेपर्यंत जळतं ते तेल. तेल संपलं की वात जळते आणि घरभर वास सुटतो. रॉकेलच्या वातीच्या स्टोव्हचंही तसंच. ई-सिगारेटमध्ये ज्योत नसते, तारेची कॉइल असते. बॅटरीवर ती तापते आणि वातीनं ओढून आणलेल्या लिक्विडची वाफ होते.

लिक्विडमध्ये मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. पहिलं १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, दुसरं २९० अंशांना. वात ओली असेपर्यंत कॉइलची उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान आटोक्यात राहतं. वात कोरडी पडली की तापमान एकदम चढतं. मग याच दोन द्रवांचं विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि ॲक्रोलीन तयार होतात. फॉर्माल्डिहाइडनं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. ॲक्रोलीन श्वासनलिका जाळतं. घशाला एकदम झोंबणारा करपट झुरका म्हणजे वात सुकल्याची खूण.

माशांच्या टाकीतला स्पंज

आजच्या ई-सिगारेटचं मूळ २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञानं केलेल्या उपकरणात आहे. सुरुवातीच्या कार्ट्रिजमध्ये पॉलिएस्टरचा बोळा भरलेला असायचा आणि त्यात लिक्विड मुरवलेलं असायचं. ते नीट सुटत नसे. बोळ्यात बरंच शिल्लक असतानाच झुरका कोरडा यायचा. म्हणून वापरणाऱ्यांनी घरीच प्रयोग सुरू केले. कुणी टी-बॅगचा कागद गुंडाळून घातला, कुणी माशांच्या टाकीच्या फिल्टरचा निळा स्पंज कापून बसवला.

लिक्विड वाहायला लागलं, पण धोका तिथंच होता. फिल्टरचा स्पंज पाणी गाळण्यासाठी बनवतात, तापलेल्या तारेशेजारी ठेवण्यासाठी नव्हे. असा फोम तापला की वितळतो आणि विषारी वायू सोडतो. पॉलिएस्टर साधारण २५०-२६० अंशांना वितळतं. एखादी वस्तू लिक्विड चांगलं शोषते म्हणून ती श्वासाच्या वाटेवर चालेलच असं नाही.

कोणती वात कशी?

कापूस: आज सर्वात जास्त वापर याचाच. लिक्विड पटकन ओढतो, स्वस्त असतो, बदलायला सोपा. कोरडा कापूस मात्र साधारण २०० अंशांच्या पुढे तपकिरी पडू लागतो. म्हणून टाकी रिकामी होऊ न देणं हाच त्याचा नियम. रंग, सुगंध किंवा लोशन नसलेला शुद्ध कापूसच यासाठी चालतो.

सिलिका, म्हणजे काचेसारख्या तंतूंची दोरी: उष्णतेला पक्की, करपत नाही. पण वारंवार कोरडी तापवली की ठिसूळ होते आणि तिचे बारीक तुकडे सुटू शकतात. तुकडे श्वासासोबत आत जाण्याची शक्यता हीच तिच्याबद्दलची मुख्य काळजी. कातरलेली टोकं विसविशीत दिसत असतील तर अशी वात ठेवू नये.

स्टीलची जाळी: जळत नाही, धुता येते. पण जाळी कॉइलला भिडली तर शॉर्टसर्किट होऊ शकतं. नवख्याचं हे काम नव्हे.

सच्छिद्र सिरॅमिक: यात कॉइल आणि वात एकत्रच येतात. चव बराच काळ टिकते, पण कोरडं तापलं तर तडे जाऊ शकतात. तडा गेलेला भाग सरळ फेकायचा.

घरातला कापूस चालेल का?

दुकानात ‘कॉटन’ म्हणून मिळणारा प्रत्येक बोळा कापसाचा असतोच असं नाही. मेकअप काढायच्या पॅडमध्ये बऱ्याचदा पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. ओळखायची जुनी पद्धत सगळ्यांना माहीत आहे: चिमट्यात धरून एक धागा जाळायचा. कापूस असेल तर जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर असेल तर धागा आक्रसतो आणि कडक काळा मणी उरतो. असा मणी दिसला तर तो बोळा वापरायचा नाही.

देवघरातल्या तयार वाती तर नकोच. त्यातल्या काही रंगवलेल्या असतात, काही तुपात भिजवलेल्या. तेल-तूप दिव्यात ठीक. त्याची वाफ फुप्फुसात गेली तर लिपॉइड न्यूमोनिया होऊ शकतो. वात चांगली असली तरी लिक्विड वाईट असेल तर काय होतं, हे अमेरिकेत २०१९ मध्ये दिसलं. व्हेपिंगमुळे फुप्फुसांना इजा होऊन फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले. मृतांची संख्या ६८ होती. मुख्य संशय ठरला तो गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर. हा तेलकट पदार्थ होता.

वात भरताना होणाऱ्या चुका

वात फार घट्ट कोंबली तर लिक्विड पुढे सरकत नाही. फार सैल ठेवली तर गळतं. नवी वात बसवल्यावर ती पूर्ण भिजेपर्यंत काही मिनिटं थांबावं लागतं. घाईत ओढलेला पहिलाच झुरका वात करपवतो. एकदा करपलेली वात पुन्हा लिक्विड टाकून सुधारत नाही, ती बदलावीच लागते. गोड फ्लेवरमधला सुक्रालोज कॉइलवर काळा थर धरतो, त्यामुळे अशा लिक्विडमध्ये वात लवकर खराब होते.

आणि सगळं नीट केलं तरी कॉइलचा धातू उरतोच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ जणांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या लिक्विडपेक्षा कॉइलच्या संपर्कात आलेल्या लिक्विडमध्ये आणि वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम जास्त आढळलं. म्हणजे चांगल्या वातीनं धोका कमी होतो, संपत नाही.

बेळगाव, गोवा, कोल्हापूर: कायदा एकच

सीमाभागात दारूचे दर आणि नियम गाव ओलांडलं की बदलतात. ई-सिगारेटचं तसं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला आणि तो देशभर लागू आहे. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात यांवर बंदी आहे. ऑनलाइन विक्रीही त्यात आली. पूर्ण उपकरणच नव्हे, त्याचा कुठलाही भागही या बंदीत येतो. म्हणजे सुटं कार्ट्रिजसुद्धा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परदेशातून सुट्टीवर येणाऱ्यानं बॅगेत ‘मित्रासाठी एक’ टाकण्याआधी हे लक्षात ठेवावं.

ब्रिटनमध्ये टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी आणि निकोटिन मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. इथं चोरून विकल्या जाणाऱ्या मालाला असा कुठलाच नियम लागू नाही. आत कापूस आहे की पॉलिएस्टर, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यामुळे इथल्या मुलांसाठी ‘कोणती वात चांगली’ याचं उत्तर एकच: कुठलीच नाही.

सवय लागलीच असेल तर लपवण्यापेक्षा मदत घेणं बरं. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १८००-११२-३५६ आहे. घरातल्या मुलाच्या दप्तरात असं उपकरण सापडलं, तर आरडाओरडा करण्याआधी आईवडिलांनी हा नंबर लावून बघावा.